विषारी औषधांची फवारणी आणि संरक्षक पोशाखाची रंगीत तालीम

पोळा सरला की वाशीम जिल्ह्याच्या शिवाराला खरा बहर येतो. रिसोड, मालेगाव व वाशीम या तालुक्यांतील सोयाबीन शेंगांनी भरू लागते आणि कारंजा, मानोरा व मंगरुळपीर या भागांतील पऱ्हाटी माणसाच्या छातीला लागते. याच सुमारास पिकाचे शत्रूही जोर धरतात. सोयाबीनवर चक्रभुंगा व उंटअळी, तर कपाशीवर तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आणि पुढे बोंडअळी. अशा वेळी शेतकरी पाठीवर पंप घेऊन, किंवा बहुधा मजुराच्या पाठीवर पंप देऊन, पिकाच्या रक्षणास निघतो. पिकाच्या रक्षणाचा विचार सर्वांनीच केलेला असतो. परंतु ज्याच्या पाठीवर तो पंप असतो त्याच्या रक्षणाचा विचार किती जणांनी केलेला असतो, हा प्रश्न आपण स्वतःस प्रामाणिकपणे विचारला पाहिजे.

हा प्रश्न केवळ उपदेशाचा नव्हे. आपल्या मानोरा तालुक्याच्या सीमेस लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात जे घडले ते आपल्या भागातील कोणीही विसरलेले नाही. कपाशीवर फवारणी करणाऱ्या वीसहून अधिक शेतकऱ्यांचा व शेतमजुरांचा विषबाधेने मृत्यू झाला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कित्येकांच्या दृष्टीवर परिणाम झाला. शासनाने विशेष चौकशी पथक नेमले व काही कीटकनाशकांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भात तात्पुरती बंदी घातली.

त्या वर्षी एकाच वेळी अनेक कारणे एकत्र आली होती. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेली होती, त्यामुळे फवारा खाली न पडता तोंडावर व छातीवर येत होता. दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याची पद्धत पडली होती. यांत्रिक पंपांतून निघणारे तुषार अधिक बारीक असून ते हवेत अधिक वेळ तरंगत. हवा दमट होती, अंगाला घाम येत होता आणि लोक दिवसदिवस, एकापाठोपाठ एक, दुसऱ्याच्या वावरात फवारणी करीत होते. या सर्वांवर कळस म्हणजे बहुतेकांच्या अंगावर साधा सदरा, डोक्यास दुपट्टा आणि पाय उघडे अशी स्थिती होती.

विष अंगात शिरते कसे?

पुष्कळ लोकांची समजूत अशी असते की विष हे तोंडावाटे किंवा श्वासावाटेच शरीरात जाते. म्हणून तोंडास रुमाल बांधला की काम झाले असे त्यांना वाटते. ही समजूत अपुरी आहे. पाठीवरील पंपाने फवारणी करणाऱ्या माणसाच्या शरीरात सर्वाधिक विष जाते ते त्वचेतून. त्वचा ही भिंत नसून चाळणी आहे, आणि ती सर्व ठिकाणी सारखी नाही.

अमेरिकेतील त्वचातज्ज्ञ हॉवर्ड मायबाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, पॅराथिऑन या कीटकनाशकाचे अल्प प्रमाण शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावून ते किती शोषले जाते हे मोजले. हाताच्या कोपराखालील भागातून जितके शोषण होते ते १ मानले, तर पोटाच्या त्वचेतून सुमारे २ पट, कपाळातून सुमारे ४ पट, कानाच्या आतून ५ पटींहून अधिक आणि जांघेतील नाजूक भागातून जवळजवळ १२ पट शोषण होते असे आढळले. आता आपला फवारणी करणारा गडी डोळ्यांपुढे आणा. ओल्या पऱ्हाटीतून तो चालतो तेव्हा त्याचे धोतर किंवा पायजमा मांड्यांपासून जांघेपर्यंत भिजलेला असतो. घाम आला की तो औषधाने माखलेल्या हाताने कपाळ पुसतो. ज्या ठिकाणांतून विष अधिक वेगाने आत जाते नेमकी तीच ठिकाणे ओली होत असतात.

तोंडास बांधलेल्या रुमालाविषयीही एक शब्द सांगणे अवश्य आहे. रुमाल ओला झाला की तो विष अडवीत नाही, उलट नाका-तोंडाजवळ धरून ठेवतो. सबब तो मुखवट्याचे काम करू शकत नाही.

कायदा आहे, साधने आहेत, मग उणीव कोठे?

संरक्षक पोशाखाची कल्पना नवी नाही. १९५८ साली केरळ व मद्रास राज्यांत पॅराथिऑन मिसळलेले अन्न खाण्यात येऊन शंभरावर माणसे दगावली. त्या दुर्घटनेनंतर चौकशी होऊन १९६८ चा कीटकनाशक अधिनियम व १९७१ ची कीटकनाशक नियमावली अस्तित्वात आली. या नियमावलीत संरक्षक पोशाख कसा असावा हे स्पष्ट सांगितलेले आहे : अंगावर संरक्षक झगा व डोक्यास टोपी, अर्ध्या हातापर्यंत पोहोचणारे, द्रव आत न शिरणारे हातमोजे, धूळ न शिरणारा चष्मा आणि पायांत बूट. श्वसनासाठी योग्य मुखवटा, प्रथमोपचाराची सोय व काम करणाऱ्यांचे प्रशिक्षण यांचीही त्यात तरतूद आहे.

प्रस्तुत लेखकाने नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत काही गावांतून सभा घेऊन वरील माहिती सांगितली, पत्रके वाटली आणि मजुरांना चष्मा, मुखवटा व हातमोजे यांचे संच दिले. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्याच गावी गेलो असता त्यांतील बहुतेक चष्मे घरातील खुंट्यांना टांगलेले दिसले. एका गड्याने सरळ सांगितले, "साहेब, चष्म्यावर वाफ धरते, बूट घातला तर वावरातून पाय निघत नाही, अन् मजुरी तर पंपामागे मिळते. हे सारं घालत बसलो तर दिवसाचे पंप होत नाहीत." दुसरा म्हणाला, "वीस वर्षं झाली फवारतो, मला काही होत नाही."

विचार करता असे ध्यानात आले की दोष त्या मजुरांचा नव्हता, शिकविण्याच्या पद्धतीचा होता. आम्ही त्यांना सांगितले होते, दाखविले नव्हते. विष दिसत नाही, तत्काळ दुखत नाही आणि संध्याकाळी डोके दुखले तर उन्हाने दुखले असे वाटते. जे दिसत नाही त्याचे भय केवळ भाषणाने मनात ठसत नाही.

आभासी वास्तव म्हणजे काय?

अदृश्य धोका दृश्य कसा करावा, या प्रश्नाचे एक उत्तर आजच्या विज्ञानाने आभासी वास्तवाच्या रूपाने दिले आहे. जत्रेत पेटीच्या भोकाला डोळा लावून चित्रे पाहण्याचा बायोस्कोप आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींनी पाहिला असेल. आभासी वास्तवाचे यंत्र म्हणजे डोळ्यांवरच बांधलेली तशी पेटी होय. तीत दोन्ही डोळ्यांपुढे किंचित वेगवेगळी चित्रे असतात, त्यामुळे देखाव्यास खोली येते. मान डावीकडे वळविली की देखावाही त्याप्रमाणे बदलतो, आणि पाहणारा आपण त्या जागी उभे आहोत असे समजू लागतो. हातांत धरलेल्या साधनांमुळे त्यास त्या देखाव्यातील वस्तू उचलता व हलविता येतात.

धोक्याचे काम धोका न पत्करता शिकविण्याची ही परंपरा जुनी आहे. विमान चालविण्याचे पहिले धडे जमिनीवरच देता यावेत म्हणून अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ साली एक यंत्र तयार केले. डोक्यावर बांधून पाहावयाचे संगणकीय यंत्र १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी दाखविले. २००२ साली येल विद्यापीठातील १६ शिकाऊ शल्यचिकित्सकांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांनी आभासी यंत्रावर आधी सराव केला होता त्यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेतील ठरावीक भाग २९ टक्के कमी वेळात केला, आणि त्यांच्या हातून चुकाही पुष्कळ कमी झाल्या. पुढे २०२० च्या करोना साथीत संरक्षक पोशाख हा शब्द खेड्याखेड्यांत पोहोचला. तो पोशाख घालण्यापेक्षा उतरविताना अधिक धोका असतो हेही त्या काळात रुग्णालयांना शिकावे लागले, आणि हा क्रम शिकविण्यासाठी देशोदेशी अशा यंत्रांचा उपयोग करण्यात आला.

फवारणीच्या शिक्षणात या यंत्राचा उपयोग कसा होईल, हे सहज कल्पिता येते. शिकणारा कपाशीच्या वावरात उभा आहे. वारा कोणत्या दिशेचा आहे हे न पाहता तो चालू लागतो, तेव्हा तुषारांचा रंगीत ढग त्याच्याच अंगावर येतो. हातमोजे न घालता बाटली उघडली तर त्याचे बोट रंगते आणि तो रंग मनगटाकडे सरकताना दिसतो. ज्या चुकीची किंमत प्रत्यक्षात प्राणाने द्यावी लागते ती चूक येथे दहा वेळा करता येते, आणि प्रत्येक वेळी चूक तत्काळ डोळ्यांपुढे येते. या शिक्षणाचा सारा लाभ याच गोष्टीत आहे.

तथापि या यंत्राच्या मर्यादाही ध्यानी घेतल्या पाहिजेत. त्या पेटीत ऊन लागत नाही, घाम येत नाही आणि चष्म्यावर वाफ धरत नाही. काळ्या जमिनीतील चिखलात बूट रुतत नाही आणि १६ लिटरच्या पंपाचे ओझे खांद्यास जाणवत नाही. मजूर पोशाख टाळतो तो नेमका याच कारणांनी. शिवाय एका यंत्रावर एका वेळी एकच माणूस शिकू शकतो व यंत्रास खर्चही येतो. म्हणून ते यंत्र गावात येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. त्यातील तत्त्व उचलून आपण आपल्या साधनांनी तेच काम करू शकतो.

रंगीत पाण्याचे प्रात्यक्षिक

फवारणाऱ्याच्या अंगावर किती औषध पडते हे मोजण्यासाठी त्याच्या कपड्यांवर ठरावीक जागी शोषक तुकडे लावण्याची पद्धत डरहॅम व वुल्फ या शास्त्रज्ञांनी १९६२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात मांडली. १९८० च्या दशकात रिचर्ड फेन्स्के यांनी औषधात चमकणारा निरुपद्रवी रंग मिसळून, अंधारात अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली मजुरांची त्वचा पाहण्याची रीत विकसित केली. या दोन्ही पद्धतींचा गाभा घेऊन पुढील प्रात्यक्षिक कोणत्याही गावात करता येते.

साहित्य असे घ्यावे : नवा किंवा केवळ प्रात्यक्षिकासाठी राखून ठेवलेला पंप, खाण्याचा लाल रंग, पांढऱ्या जाड कागदाचे तुकडे, टाचण्या, पांढरा सदरा व पायजमा, संरक्षक पोशाखाचा एक पूर्ण संच, साबण व पाणी. विषारी औषधासाठी वापरलेला पंप धुऊनही या कामास घेऊ नये. कपाळपट्टी, छाती, दोन्ही मनगटे, मांड्या, पोटऱ्या आणि पाठ या जागी कागदाचे तुकडे लावावेत. रंगीत पाण्याने पंप भरून दोन माणसांना उंच पऱ्हाटीच्या दोन-दोन तासांतून नेहमीप्रमाणे फवारणी करण्यास सांगावे. एकाने नेहमीचे कपडे घालावेत, दुसऱ्याने पूर्ण पोशाख. नंतर दोघांना सर्वांपुढे उभे करून डाग मोजावेत. भाषण करू नये. डाग काय ते बोलतात.

मानोरा तालुक्यातील एका गावी हे प्रात्यक्षिक केले, तेव्हा "मला काही होत नाही" असे म्हणणारे ते अनुभवी काका स्वतः पुढे आले. नेहमीच्या कपड्यांत त्यांनी फवारणी केली. मांड्या व पोटऱ्यांवरील कागद तांबडे झाले हे अपेक्षितच होते. परंतु पाठीवरील कागदही भिजला होता, कारण पंपाचे झाकण झिरपत होते व ते त्यांना कधी कळले नव्हते. कपाळावर बोटांचे पट्टे होते, घाम पुसल्याचे. ओठांच्या कडेला रंग होता, कारण मध्ये थांबून त्यांनी खर्रा खाल्ला होता. लोक हसले, तेही हसले. इतक्यात त्यांची चार वर्षांची नात धावत येऊन पायाला बिलगली व त्यांनी तिला उचलून घेतले. खाली ठेवले तेव्हा तिच्या झबल्यावर पाचही बोटे उमटलेली होती. मग मात्र कोणी हसले नाही. काकांनी क्षणभर त्या झबल्याकडे पाहिले आणि विचारले, "साबण कुठं आहे, साहेब?"

त्या हंगामात त्यांनी मालकाकडे हातमोजे व साबण मागून घेतले, आणि झाकणाचा वायसर बदलल्याशिवाय पंप उचलणार नाही असे सांगितले. जे काम आमच्या तीन सभांनी झाले नव्हते ते चिमूटभर रंगाने झाले.

पोशाख घालण्याचा व उतरविण्याचा क्रम

प्रात्यक्षिकाच्या दुसऱ्या भागात हा क्रम प्रत्येकाकडून स्वतःच्या हातांनी करवून घ्यावा.

घालताना : पूर्ण बाह्यांचा सदरा व पायजमा, नंतर बूट. पायजम्याचे पाय बुटाच्या बाहेर सोडावेत, आत खोचू नयेत. खोचल्यास ओघळ सरळ बुटात उतरतो. त्यावर झगा, व पंप टेकतो त्या जागी पाठीवर पाणी न शिरणारे कापड. मग टोपी, मुखवटा, चष्मा व शेवटी हातमोजे. उंच पऱ्हाटीत हात वर करून फवारावे लागत असेल तर मोजे बाहीच्या वर घेऊन त्यांची कड बाहेर दुमडावी, म्हणजे ओघळ कोपराकडे जाणार नाही. ठेंगण्या सोयाबीनमध्ये हात खाली असतो, तेव्हा बाही मोज्याच्या वर असावी.

उतरविताना : सर्वप्रथम हातमोजे हातांत असतानाच साबणाने धुवावेत. मग बूट धुऊन काढावेत, झगा उतरवावा, चष्मा व मुखवटा मागील पट्टीस धरून काढावेत. मोजे पुन्हा धुवावेत आणि सर्वांत शेवटी काढावेत. यानंतर हात-तोंड धुवावे, साबण लावून स्नान करावे व कपडे बदलावेत. फवारणीचे कपडे घरच्या इतर कपड्यांत मिसळू नयेत, आणि ते धुणाऱ्या गृहिणीनेही हातमोजे वापरावेत. ज्या पोशाखावरील डाग रंगीत पाण्याने स्पष्ट दिसतात तो पोशाख उघड्या हाताने कसा काढू नये, हे मग कोणास वेगळे सांगावे लागत नाही.

मालकाचे कर्तव्य

मजुराने पोशाख घालावा असे वाटत असेल तर तो घालणे त्यास परवडले पाहिजे. पंपामागे मजुरी ठरविली की प्रत्येक मिनिट वाचविण्याकडे त्याचा कल होतो. म्हणून फवारणीची मजुरी दिवसावर ठरवावी आणि पोशाख घालण्याचा, धुण्याचा व विश्रांतीचा वेळ तीत धरावा. भर उन्हात पूर्ण पोशाखात काम करणे कठीण असते व त्याने उष्माघाताचे भयही असते. यास्तव सकाळच्या व सायंकाळच्या थंड वेळी, वारा संथ असताना फवारणी करावी, मध्ये सावलीत विसावा द्यावा आणि हात-तोंड धुतल्यावर पिण्यास भरपूर पाणी द्यावे. धुऱ्यावर साबण व स्वच्छ पाण्याची घागर ठेवणे हे मालकाचे काम होय. वाफ कमी धरावी म्हणून हवेची छिद्रे असलेला चष्मा घ्यावा.

औषध विकत घेताना डब्यावरील चौकोनाचा रंग पाहावा. तांबडा म्हणजे अतिशय विषारी, पिवळा म्हणजे तीव्र विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे किंचित विषारी. निंबोळी अर्क, कामगंध सापळे व नियमित निरीक्षण यांनी भागत असेल तर तांबड्या चौकोनाकडे जाऊच नये. शिफारस नसलेली मिश्रणे करू नयेत, औषध हाताने ढवळू नये आणि तोटी अडकल्यास तोंडाने फुंकू नये.

विषबाधेची लक्षणे व प्रथमोपचार

डोके दुखणे, चक्कर, मळमळ किंवा उलटी, अतिशय घाम, तोंडास लाळ, अंधूक दिसणे, छाती आवळणे, स्नायू फुरफुरणे यांपैकी काहीही दिसताच काम बंद करावे. रुग्णास वाऱ्याच्या जागी न्यावे, औषधाने भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे, डोळ्यांत गेले असल्यास स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे धुवावेत. मुद्दाम उलटी करवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली किंवा वेष्टन डॉक्टरांना दाखविण्यासाठी न चुकता बरोबर न्यावे. ॲट्रोपिनसारखा उतारा काही विशिष्ट गटांच्या औषधांवरच चालतो, त्यामुळे अंगात गेलेले विष कोणते हे डॉक्टरांना कळणे प्राण वाचविण्याइतके महत्त्वाचे आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना विनंती

नाटक मंडळी प्रयोगापूर्वी पूर्ण पोशाखात रंगीत तालीम घेतात, म्हणजे रंगभूमीवर चूक होऊ नये. फवारणीचा हंगाम हीही एक रंगभूमीच आहे, फरक इतकाच की येथील चुकीस दुसरा प्रयोग नसतो. म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने मृग नक्षत्रानंतर पिके उभी राहताच आपल्या गावात व तांड्यात निदान एक रंगीत तालीम घ्यावी. तीत शेतमालकांबरोबर मजुरांना आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांना अगत्याने बोलवावे. पुढे आभासी वास्तवाची यंत्रे तालुक्यास पोहोचली तर त्यांचेही स्वागत करू. परंतु आज आपल्या हाती एक पंप, चिमूटभर रंग आणि साबणाची वडी आहे. येणाऱ्या भाद्रपदात आपल्या गावचा प्रत्येक फवारणारा माणूस सायंकाळी स्वच्छ हातांनी आपल्या मुलाबाळांना उचलून घेऊ शकेल, एवढे काम त्यांतून निश्चित होण्यासारखे आहे.